टिचकी मारून बघ

सॅन डिएगो

चि. मुक्तास,

तू पाठवलेल्या तिन्ही जाहिराती पाहिल्या. केशरी शिडांची ती नॅक्रा ५.२ तुझ्या मनात भरली आहे, हे लपत नाही. बोट वाईट नाही. पण तिला डॅगरबोर्ड आहेत, म्हणजे हलमधून, कॅटमरानच्या दोन तरंगत्या धडांमधून, खाली पाण्यात सोडायच्या फळ्या. वाऱ्याविरुद्ध चढताना त्या फार कामाच्या. पण मिशिगन सरोवराच्या तुमच्या काठाला पाण्याखाली वाळूचे उंचवटे आहेत, आणि लाटांमधून किनाऱ्याला लागताना नवख्या माणसाला फळी वर ओढायची आठवण राहत नाही. त्यापेक्षा तिन्हींतली मस्केगॉनची होबी १६ बघायला जा, असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने ही बोट १९७० च्या सुमारास आणली, ती वाळूवरून थेट लाटांत ढकलण्यासाठीच. तिला फळ्या नाहीतच. प्रत्येक हल बाहेरून सपाट आणि आतून फुगीर असतो, आणि त्या आकाराच्या जोरावर ती आडवी घसरत नाही. तळ लागला की सुकाणू आपोआप वर उचललं जातं. इतकी वर्षं खपते आहे, त्यामुळे पिनेपासून शिडापर्यंत सगळं सुटं मिळतं.

फळ्या नसल्याचा एक तोटा आहे, तो पहिल्याच दिवशी कळेल. वाऱ्यातून वळवताना ही बोट मध्येच अडून बसते आणि मागे सरकू लागते. तेव्हा पुढचं शीड घाईने सोडू नकोस. वारा त्याच्या उलट्या बाजूने भरू दे, मोठं शीड जरा ढिलं कर, आणि नाक पलीकडे गेल्यावरच पुढचं शीड दुसऱ्या बाजूला घे.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तू विचारलेला नाहीस: उलटलेली बोट तू उभी करू शकशील का? आजोळी मालवणला तू उलांडीच्या होडीत बसली आहेस. तो धीर इथे आणू नकोस. तिथे उलांडी आधाराला असते. इथे दोन्ही हल सारखे, आणि वारा भरला की त्यातला एक पाण्याबाहेर उचलून धावायचं, हीच तर गंमत. शिवाय होबी १६ ची नाकं बारीक आहेत. वारा पाठीशी असताना ती पाण्यात घुसली की बोट कोलांटी मारते. वजन मागे ठेवायचं ते म्हणूनच.

उलटल्यावर शिडांचे दोर आधी मोकळे करायचे, नाक वाऱ्याकडे आणायचं, खालच्या हलवर उभं राहून डोलकाठीच्या बुंध्यापासून घेतलेल्या दोराला धरून मागे रेलायचं. या बोटीला त्यासाठी साधारण १३५ किलो वजन लागतं. तू आणि तुझ्याबरोबर येणारा सुयश मिळून १२० सुद्धा भरत नाही! तेव्हा पाण्याची पिशवी घे. ती भरून दोराला अडकवली की कमी पडणारं वजन ती देते. किनाऱ्याजवळ, कमरेइतक्या पाण्याहून थोडं पुढे, बोट मुद्दाम पाडून सराव करा. आणि एकटीने जायचं मनात असेल तर ही बोट घेऊच नकोस. होबी वेव्ह शोध. ती १३ फुटांची, प्लास्टिकची, जरा संथ, पण तुला आटोपेल. नवशिक्याने बोट निवडताना वेगाचे आकडे वाचू नयेत, असं मी म्हणतो ते यासाठीच.

आता तपासणी. मडकं घेताना आपण टिचकी मारतो तसं डेकवर नाण्याने वाजवत जा, डोलकाठीजवळच्या आडव्या दांडीपासून थेट नाकापर्यंत. हलची भिंत म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम. थर सुटले असतील तर टणक आवाज जाऊन बद्द आवाज येतो आणि अंगठ्याखाली डेक दबतो. दबला तर बोट फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. बाकी सगळं बदलता येतं, हल नाही. तुमच्याकडे खारं पाणी नाही ही चांगली गोष्ट, पण हिवाळा आहे: आत राहिलेलं पाणी गोठलं की फुगून सांधे उघडतं. म्हणून बुचं काढून बघ आणि विचार, बोट थंडीत कुठे होती. हलचा तळही हाताने चाचप. वर्षानुवर्षं वाळूवरून ओढलेल्या बोटीचा तळ झिजून पातळ होतो.

मग एक नाक हाताने उचल. दुसरं बरंच मागाहून उठलं तर दोन हल जोडणाऱ्या चौकटीचे कोपऱ्याचे सांधे सैल आहेत. तेवढ्यावर नाही म्हणू नकोस, किंमत मात्र पाड. डोलकाठी सरळ आहे का, आणि रिव्हेटांभोवती अल्युमिनियम पांढरं भुकटं झालंय का, ते पाहा. ती आतून बंदिस्त हवी. पाणी भरलं तर आडवी पडलेली बोट पूर्ण पालथी होते, आणि मग पिशवीही पुरत नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा कशाही दिसोत, नव्या घाल. दोन हलमधल्या ट्रॅम्पोलिनच्या शिवणीला नख लाव. उन्हाने कुजलेला दोरा लगेच तुटतो. शिडांचे रंग बघू नकोस, कापड चुरगाळून बघ. नवी शिडं घ्यायची तर अशा जुन्या बोटीच्या किमतीएवढे पैसे सहज जातात. ट्रेलरची चाकं छोटी, हायवेवर भरभर फिरतात. बेअरिंग आणि टायर तपासल्याशिवाय घरी ओढून आणू नकोस.

दोन गोष्टींत मी तडजोड ऐकणार नाही. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघायचं, दर वेळी. विजेच्या तारेला अल्युमिनियमची काठी लागून माणसं गेली आहेत. म्हणूनच होबीने पुढे तिचा वरचा भाग वीज न वाहणारा केला. जुन्या बोटीला तो नसू शकतो, आणि असला तरी खालचा भाग धातूचाच. दुसरं म्हणजे पाणी. मे महिन्यात हवा उबदार होते, पण सरोवर १० अंशांच्याही खाली असतं. वेटसूट आणि लाइफ जॅकेट अंगावर हवं, आणि उलटलात तर बोट सोडून किनाऱ्याकडे पोहायला लागायचं नाही.

विसार देण्याआधी मागच्या बाजूला कोरलेल्या हल नंबरचा फोटो मला पाठव. शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात, ते जाहिरातीशी जुळतं का बघू. ट्रेलरचे कागद विकणाऱ्याच्याच नावावर आहेत ना, तेही विचार. आणि ताईला बोटीचं अजून सांगितलं नसशील तर आधी वेटसूट घे, मग सांग. तिचा पहिला प्रश्न काय असेल ते आपल्या दोघांना माहीत आहे.

तुझा,
मामा