जुन्या छायाचित्रांची डागडुजी

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली. तेथील भातखाचरे व मिठागरे बव्हंशी लोपली. त्यांचे रूप घरोघरच्या छायाचित्रांतच काय ते उरले आहे. खाडीकाठच्या दमट हवेने त्यांवर बुरशी धरते.

विद्यार्थ्यांनी अशी छायाचित्रे आणल्यास शिक्षकबंधुभगिनींनी ती स्कॅनरवर इंचास ६०० बिंदू या मापाने उतरवून टिफ स्वरूपात ठेवावीत. जेपेग प्रत दर वेळी पुन्हा साठविताना थोडी झिजते. मूळ प्रत बाजूस ठेवून नकलेवरच काम करावे. गिम्प हे विनामूल्य साधन त्यास पुरे. आधी उजेड व छाया सावराव्यात, मग शेजारच्या निर्दोष भागाची नक्कल करून डाग बुजवावा. आकाशावरचा डाग असा सहज जातो.

चेहऱ्याचे तसे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुसट चेहरा क्षणात रेखीव करतात खरी. परंतु ते नाकडोळे यंत्राच्या अंदाजाचे असतात, मिठागरावर उभ्या असलेल्या आजोबांचे नव्हेत. नातू मात्र तेच खरे मानील. म्हणून जे दिसत नाही ते पुसटच राहू द्यावे, आणि नकलेच्या नावात ‘दुरुस्त प्रत’ असे लिहावे.