‘फेदरी’ : एका विशेषणाचा अर्थ व उपयोग

इंग्रजीत ‘फेदर’ म्हणजे पीस. या नामास ‘वाय’ हे अक्षर जोडले की ‘फेदरी’ हे विशेषण सिद्ध होते. ‘पिसासारखे हलके, मऊ, नाजूक तंतूंचे’ हा त्याचा रूढ अर्थ होय.

शेपूची पाने केसासारखी बारीक विभागलेली असतात, म्हणून ती ‘फेदरी लीव्ह्ज’. थंड प्रदेशात अलगद उतरणारे भुसभुशीत हिम ते ‘फेदरी स्नो’. आकाशात सुमारे ६ किलोमीटरहून अधिक उंचीवर हिमकणांचे जे पांढरे, विंचरल्यासारखे सिरस ढग दिसतात, तेही ‘फेदरी’च. यांपैकी कशालाही पीस नाही. आहे ते केवळ साम्य. प्रत्यक्ष पिसे असलेल्यास ‘फेदर्ड’ म्हणतात. म्हणून पक्ष्यांना प्रेमाने ‘फेदर्ड फ्रेंड्स’ म्हटले जाते.

हा भेद आम्ही वर्षानुवर्षे ठामपणे शिकवीत आलो. एकदा आठवीतील एका विद्यार्थिनीने निबंधात ‘फेदरी हेन’ असे लिहिले. आम्ही तांबड्या शाईने ते खोडले व गुण कापले. तिच्या घरी इंग्रजी शिकलेले कोणीही नव्हते. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातील जाड शब्दकोश छातीशी धरून आली आणि म्हणाली, “सर, इथे दुसरा अर्थही दिला आहे.” खरोखरच तेथे ‘पिसांनी आच्छादलेले’ हाही अर्थ होता. ‘सिल्की’ म्हणजे रेशमासारखे, पण ‘हेअरी’ म्हणजे केसाळ. ‘वाय’ हा प्रत्यय साम्यही दाखवितो आणि विपुलताही, हे आम्हांस ठाऊक असूनही त्या क्षणी सुचले नव्हते. आम्ही वर्गासमोर चूक मान्य केली व तिचे गुण तिला परत दिले.

‘फेदर्ड हेन’ हा प्रयोग अधिक नेमका, हे आम्ही आजही शिकवितो. परंतु ‘कमी रूढ’ आणि ‘चूक’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या मुलीने आम्हांस शिकविले.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ‘पेन’ हा शब्द लॅटिन ‘पेन्ना’पासून आला; त्याचा अर्थ पीस. पूर्वी युरोपात हंसजातीय पक्ष्यांच्या पिसांनीच लिहीत असत. आपले ‘पान’ ज्या संस्कृत ‘पर्ण’ शब्दापासून आले, त्याचाही एक अर्थ पीस असाच आहे.

विद्यार्थिमित्रहो, लेखणी हाती आहे, पानही समोर आहे. शिक्षकाने खोडलेला शब्दही एकदा शब्दकोशात पडताळून पाहा.