सैनिक कुटुंबे आणि गुळाची थेट विक्री

कोल्हापूर जिल्ह्यातील तरुण पिढ्यान् पिढ्या सैन्यात जात आले आहेत. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी या गावाच्या नावातच ही परंपरा नमूद झाली आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र नजीकच बेळगावी आहे, तर प्रादेशिक सेनेची १०९ वी पलटण खुद्द कोल्हापुरात आहे. सेवेतील जवानांची व निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांची कुटुंबे त्यामुळे गावोगाव आढळतात. गुऱ्हाळ चालविणाऱ्या शेतकऱ्याने या गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यावे, हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम हिशेब पाहू. समजा, पंचक्रोशीतील ४० कुटुंबे दरमहा प्रत्येकी २ किलो गूळ घेतात. वर्षाची विक्री ९६० किलो, म्हणजे ३० किलोंचे ३२ रवे होते. एवढा माल अडत न देता खपतो. शिवाय वेतन वा निवृत्तिवेतन दरमहा येत असल्याने मागणी सुगीवर अवलंबून राहत नाही.

गरज ओळखावी

साखर, तेल, साबण हे जिन्नस या कुटुंबांना सैनिकी कॅन्टीनमध्ये सवलतीने मिळतात. तेथे दराची स्पर्धा करण्यात अर्थ नाही. ओळखीच्या गुऱ्हाळावरचा ताजा गूळ मात्र आपणच देऊ शकतो. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावास साजेल असाच माल द्यावा. पिवळ्या रंगाच्या हव्यासाने हायड्रॉस पावडर वापरू नये. मळी काढण्यास भेंडीचा चीक वापरावा.

रजा संपवून परतणारा जवान ट्रंकेत घरचा खाऊ नेतो. त्याला ३० किलोंचा रवा निरुपयोगी; अर्ध्या व एक किलोच्या ढेपा साच्यात पाडाव्यात. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तारीख, किंमत व अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक असावा.

एक चूक

येथे माझीच एक चूक सांगतो. एका शेतकऱ्यास मी पावसाळ्यासाठी माल आधीच बांधून ठेवण्याचा सल्ला दिला. पण ढेपा पुरत्या सुकल्या आहेत की नाहीत, हे पाहिले नाही. गूळ हवेतील ओल शोषतो. आषाढात पुड्यांना पाझर फुटला. एका घरी तक्रार झाली आणि त्याच आठवड्यात आळीतील अकरा घरांनी गूळ बंद केला. ही कुटुंबे एकमेकांस धरून असतात; चांगली वार्ता जशी पसरते तशीच वाईटही. त्या शेतकऱ्याने स्वतः दारोदार जाऊन माल बदलून दिला, तेव्हा पुढील हंगामात सात घरे परत आली. तेव्हा ढेपा पूर्ण सुकवून हवाबंद पुड्यांत भराव्यात आणि पावसाळ्यात थोडथोडाच माल द्यावा.

पथ्ये

१. घरधनी दूर असता सारा व्यवहार बहुधा घरची बाई पाहते. तिला वजन तिच्यासमोर करून द्यावे व पावती द्यावी. मागितल्याविना उधारी वाढवून रजेच्या दिवसांत वसुलीस उभे राहू नये.

२. सैनिकाच्या नावे पार्सल पाठवावयाचे असल्यास पत्ता कुटुंबाकडूनच लिहून घ्यावा. त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण व ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ अथवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे असते. ठिकाणाचे नाव नसते. जवान कोठे आहे हे विचारू नये व कोणास सांगूही नये.

३. जवानाचे छायाचित्र, रजेच्या तारखा वा पलटणीचे चिन्ह जाहिरातीत छापू नये. देशभक्तीच्या नावाने माल विकू नये. माल मालाच्या गुणावर विकावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील माजी सैनिकांना भेटून कोणती ढेप, किती व केव्हा हवी याची यादी करावी आणि ती हंगामापूर्वी, दिवाळीच्या आत, गुऱ्हाळवाल्यांस द्यावी. पहिल्या वर्षी दहा घरे पुरेत. त्या दहा घरांत शेवटच्या ढेपेपर्यंत वजन पुरे व माल कोरडा राहिला, तर अकरावे घर आपण होऊन विचारीत येईल.