शाळेतला जिव्हाळा

मूल सहा वर्षांचे झाले की आपण त्याला शाळेत घालतो. पाटी-दप्तर घेऊन देतो. आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा मुलाचे नाव पटावर असते आणि मन घरी असते. असे का होते?

मुलाला भीती वाटते. गणित समजले नाही, तरी ते विचारीत नाही. गुरुजी रागावतील, पोरे हसतील, असे त्याला वाटते. आज एक गणित अडते. उद्या चार अडतात. मग रोज सकाळी पोट दुखू लागते. शेवटी शाळाच सुटते. मूल मठ्ठ नव्हते हो! त्याला विचारायचा धीर नव्हता.

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे काढली. आम्हांला एक गोष्ट दिसली. 'गुरुजी, मला नाही समजलं,' असे मूल न भिता म्हणते, तिथेच शिकणे सुरू होते.

साने गुरुजींचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते 1924 ते 1930 या काळात खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. मुलांचे वसतिगृहही त्यांच्याकडे होते. मुलांनी पसारा केला, तर ते स्वतः आवरीत. खोल्या झाडीत. कोणी आजारी पडले, तर आईसारखी सेवा करीत. मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढीत. त्याचे नाव 'छात्रालय दैनिक'. ज्या गुरुजींनी आपली खोली झाडली, त्यांच्यापाशी मन मोकळे करायला भीती कसली?

मुलामुलांतही जिव्हाळा हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. एका पंगतीत बसले की परकेपणा राहत नाही.

आता आपले काम पाहू. काही आईबाप शाळेत येऊन म्हणतात, "गुरुजी, याला चांगला बदडून काढा!" असे म्हणू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे. तसेच घरी मुलासमोर गुरुजींना नावे ठेवू नयेत. मूल ते ऐकते आणि त्याचा गुरुजींवरचा विश्वास उडतो. काही तक्रार असेल, तर शाळेत जाऊन नीट बोलावे.

याच कायद्याप्रमाणे सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांपैकी तीन सभासद पालक असतात. निम्म्या सभासद बायका असतात. म्हणून बायाबापड्यांनीही सभेला जावे, दोन शब्द बोलावे.

संध्याकाळी मूल घरी आले, की 'किती मार्क पडले?' एवढेच विचारू नका. 'आज गुरुजींना काय विचारलंस?' असेही विचारा. 'काहीच नाही' असे ते रोज म्हणू लागले, तर एक दिवस शाळेत जाऊन गुरुजींना भेटा. त्यांनाही तुमच्या भेटीने बरे वाटेल.

विचार करा :
1. मूल वर्गात प्रश्न का विचारीत नाही?
2. तुमच्या गावच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे?
3. तुम्ही शाळेत शेवटचे कधी गेला होता?