मिरकरवाड्यातला आश्विन

आश्विन लागला, हे मिरकरवाड्यात पंचांग न बघता कळते. घरांपुढे दोऱ्या ताणल्या जातात. चार महिने चुलीच्या धगीवर वाळवलेले कपडे उन्हात येतात. मागोमाग गोधड्या येतात, उशा येतात, बुरशी धरलेल्या पेट्या येतात. कपडे वाळत घालण्यात कसले आले सुख, असे कुणी म्हणेल. पण जिने आषाढात ओलसर लुगडे नेसून दिवस काढले, त्या बाईला विचारा. दुपारी दोरीवरून काढलेले ऊन ऊन लुगडे हाताला लागले की काय वाटते, ते ती सांगेल.

वाचकहो, आज आम्ही अशाच लहान सुखांविषयी लिहिणार आहोत. त्यांना पैसे पडत नाहीत. म्हणूनच की काय, त्यांच्याविषयी कुणी फारसे लिहीत नाही.

आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने मिळून शरद ऋतू होतो. नैऋत्येकडून आलेला पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोकणातून मागे फिरतो. हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. पूर्वीचे लोक आयुष्य या ऋतूने मोजीत. ‘शंभर शरद बघा,’ असा आशीर्वाद देत. जो पावसाळ्यातून धडपणे बाहेर पडला, त्याला आणखी एक वर्ष मिळाले, असा त्यांचा हिशेब असावा. आम्हांला तो पटतो. थंड देशांत याच दिवसांत झाडांची पाने पिवळी, तांबडी होतात आणि गळून पडतात. आपल्याकडे पिवळे होते ते भात. ज्याची त्याची शरद.

घाम मात्र विचारू नका. ऑक्टोबरचे ऊन अंगाला चटका देते. पण मासळी सुकवणाऱ्या बाईला हेच ऊन हवे असते. श्रावणात जवळा वाळत घातला, तर त्याला वास सुटेल. आश्विनात तोच जवळा बघता बघता कुरकुरीत होतो. घरापुढचे खळेही याच दिवसांत नवे करतात. माती ओली करायची, चोपण्याने चोपायची, वर शेणाने सारवायचे. नव्या सारवलेल्या खळ्यात पहिल्या संध्याकाळी पाय पसरून बसणे, हे एक मोठेच सुख आहे.

आता वाऱ्याकडे वळू. या दिवसांत पहाटे लवकर उठून बंदरावर जा. पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून, एक मंद गार वारा येतो आणि समुद्रावर जातो. याला मतलई वारा म्हणतात. दुपारी पुन्हा जा. आता वारा समोरून, समुद्राकडून येतो. हा खारा वारा. एकाच दिवसात वारा तोंड का फिरवतो?

याचे उत्तर मांडवीच्या काळ्या वाळूत आहे. भर दुपारी त्या वाळूत अनवाणी चाला. पाय भाजतात. तेच पाय पाण्यात घाला. पाणी थंड लागते. पहाटे जाल, तर उलट दिसेल. वाळू गारठलेली आणि पाणी कोमट. म्हणजे जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी गार हवा धावत येते. दुपारी जमिनीवरची हवा वर जाते, म्हणून समुद्रावरची आत येते. पहाटेच्या वेळी समुद्रावरची हवा वर जाते, म्हणून जमिनीवरची तिकडे जाते. पावसाळ्यात हे चालत नाही असे नाही. पण त्या वेळचा मोठा वारा सगळे झाकून टाकतो. तो थांबला, की ही रोजची ये-जा पुन्हा अंगाला जाणवू लागते.

आमच्या लहानपणी शिडाच्या होड्या पुष्कळ होत्या. तांडेल पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येई. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या माणसांना हे सारे ठाऊक होते. आम्ही मात्र ते पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिले आणि गुण मिळवले. आता होडीला इंजिन आहे. पहाटेचा वारा तरीही तसाच येतो, आणि धक्क्यावर चहा पिणाऱ्या खलाशाच्या मानेला तसाच लागतो.

यांत्रिक होड्यांची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. बंदी उठली, तरी ऑगस्टात समुद्र खवळलेलाच असतो. खरा बेत जमतो तो आश्विनाच्या सुमारास. या दिवसांत बांगडा चांगला लागला, की तो स्वस्त होतो, आणि बांगडा स्वस्त झाला की गरिबाची चंगळ. निखाऱ्यावर भाजलेला बांगडा, किंवा तिरफळ आणि कोकम घालून केलेले त्याचे कालवण. सोबत नव्या तांदळाची पेज. हळवे भात याच वेळी कापून होते. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून सुना नाक मुरडतात. पण पेजेला तोच हवा. पूर्वी आतल्या गावांतून बाया भात घेऊन येत आणि त्याच्या बदल्यात सुकी मासळी नेत. शेतकऱ्याचा आश्विन आणि दर्यावरच्या माणसाचा आश्विन एकाच ताटात येई. मासा मात्र दर वर्षी सारखा लागत नाही. ज्या वर्षी लागत नाही, त्या वर्षी ही सुखे थोडी उसनी आणावी लागतात.

आणि एक गोष्ट सांगितली पाहिजे. शरदातला समुद्र दिसतो तितका सरळ नाही. अरबी समुद्रात वादळे मुख्यत्वे दोनदा होतात. एकदा पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि पुन्हा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २०१९ साली ऐन दिवाळीत ‘क्यार’ वादळ झाले. ते किनाऱ्यावर आले नाही. दूर समुद्रातून गेले. तरी त्याच्या पावसाने कोकणातले कापणीचे भात भिजवले. त्याआधी २००९ साली ‘फयान’ आले. त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. ११ नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबई यांच्यामध्ये किनाऱ्याला लागले. पण येताना आपल्या किनाऱ्याला झोडपीत आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या होड्या फुटल्या. माणसे गेली.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. वय पन्नाशीच्या पुढे. फयानच्या वेळी त्यांच्या दिराची होडी परत आली नव्हती. बंदरावर लोक घोळका करून एक कागद वाचीत होते. कुठली होडी कुठल्या खाडीत सुखरूप शिरली, ते त्यावर लिहिले होते. या बाई घोळक्यात घुसल्या, कागदापर्यंत पोचल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. कागद समोर होता, पण वाचता येत नव्हते. वाचणाऱ्याला विचारीपर्यंत तो दुसऱ्या कुणाशी बोलू लागला. ‘गुरुजी,’ त्या आम्हांला म्हणाल्या, ‘कागदावर आमच्या होडीचं नाव होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला ते कळत नव्हतं.’ दीर दोन दिवसांनी घरी आला. पण ते उभे राहणे त्यांच्या मनातून गेले नाही. पुष्कळ वर्षांनी त्या पाटी घेऊन आमच्यासमोर बसल्या.

आता आमचीही एक चूक सांगतो. आश्विन लागला की आमचा वर्ग निम्मा होई. पहिल्या वर्षी आम्ही रागावलो. ‘शिकायचे तर नेमाने यावे,’ असे जरा मोठ्यानेच बोललो. तेव्हा याच बाई म्हणाल्या, ‘गुरुजी, बांगडा काय तुमची घंटा ऐकून येतो?’ सगळा वर्ग हसला. आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हीच धक्क्यावर गेलो.

तिथे आम्हांला फळाच सापडला. होड्यांवर नावे रंगवलेली असतात. कुणी देवीचे नाव लिहितो, कुणी पिराचे, कुणी आपल्या लेकीचे. मिरकरवाड्यात हिंदू आणि मुसलमान मच्छीमार शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे नावांना तोटा नाही. होड्या आत येत, आणि बाया टोपल्या खाली ठेवून अक्षरे जुळवीत. जोडाक्षर आले की थांबत. होडी पुढे निघून जाई आणि नाव अर्धे राही. मग दुसरी होडी. घरची होडी रंगावरून तर त्या लांबूनही ओळखत. पण नाव वाचून ओळखली, तेव्हा एकीने टाळीच वाजवली. बंदरावर लावलेला हवामानाचा कागदही आम्ही तिथेच वाचू लागलो. ‘तीन नंबरचा बावटा’ हे शब्द तोंडी सगळ्यांना माहीत होते. बंदराला वादळी वाऱ्याचा धोका, हा अर्थही माहीत होता. ते शब्द डोळ्यांनी मात्र कुणी पाहिले नव्हते. आता घरातल्या माणसाने ‘जाऊ दे गं, काही होत नाही’ म्हटले, तर कागदावर बोट ठेवून दाखवता येते.

कोजागिरीला वर्ग नको, असे ठरले. चांदण्यात माशाला जाळे दिसते, असे जुने लोक सांगतात. म्हणून पौर्णिमेच्या रात्री काही होड्या धक्क्यालाच असतात. दूध आटवले होते. चंद्र रत्नागिरीच्या बाजूने, जमिनीवरून वर आला. मध्यरात्रीच्या सुमारास भरती भरली आणि पाणी धक्क्याला लागून चुळुक चुळुक करू लागले. पोरे रत्नदुर्गावरच्या दीपस्तंभाचे झोत मोजीत होती. कुणी कोजागिरी कशाची ते सांगत होते. शेजारच्या मुसलमान बाया पेल्यांत दूध ओतीत होत्या.

तेवढ्यात त्या बाईंनी पदराखालून पुस्तक काढले. चांदण्यात वाचता येते का, ते बघायचे होते. बारीक अक्षर काही लागेना. धड्याचे नाव तेवढे मोठ्या अक्षरांत होते. त्यांनी पुस्तक चंद्राकडे तिरके धरले, डोळे बारीक केले आणि एक एक अक्षर लावीत ते नाव वाचले. मग पुस्तक शेजारणीकडे दिले. ते हातोहात धक्क्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, तेव्हा त्याच्या पानावर दुधाचा एक थेंब पडला होता.