भूकंप आणि काँक्रीटचा खांब

दिनांक २६ जानेवारी २००१ रोजी देशभर प्रजासत्ताक दिन साजरा होत असतानाच कच्छची भूमी हादरली. भूकंपाचे केंद्र भचाऊजवळ होते. परंतु तेथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. किल्लारीच्या भूकंपाने १९९३ मध्ये दगडमातीच्या घरांचे दुबळेपण दाखविले होते. येथे मात्र सिमेंट-काँक्रीटची घरे पडली. असे का व्हावे?

एरवी इमारत उभा भार पेलीत असते. भूकंपात जमीन आडवी हलते. पाया तिच्याबरोबर सरकतो. वरचे मजले जडत्वामुळे मागे राहू पाहतात. हा आडवा ताण खांबांवर येतो. वाहनांसाठी तळमजला मोकळा ठेवल्यास तेथील खांबांना भिंतींचा आधार राहत नाही आणि सारी हालचाल त्याच मजल्यात एकवटते. अहमदाबादेत पडलेल्या पुष्कळ इमारती अशाच होत्या.

मोठ्या भूकंपात इमारतीस तडाच जाऊ नये, अशी अपेक्षा नसते. ती वाकावी, तडकावी, पण माणसांवर कोसळू नये, हे उद्दिष्ट होय. काँक्रीट ठिसूळ असते. न तुटता वाकण्याचा गुण पोलादाचा. म्हणूनच १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या भारतीय मानक १३९२० मध्ये सळयांच्या रचनेवर भर आहे. त्यातील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली, खांब तुळईपेक्षा सबळ असावा, म्हणजे तुळई आधी वाकते आणि मजला तरून जातो. दुसरी, खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगा दाट असाव्यात. त्यांतील अंतर १०० मिलिमीटरहून अधिक नसावे. तिसरी, रिंगेची टोके १३५ अंशांत वाकवून खांबाच्या आत वळवावीत. नुसत्या काटकोनात वाकविलेली टोके बाहेरचे काँक्रीट गळताच उघडतात, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब खचतो.

रिंग आणखी ४५ अंश वाकविण्यास फारसा खर्च येत नाही. मात्र काँक्रीट ओतल्यावर ती कोणालाही दिसत नाही. म्हणून घर बांधणाऱ्याने फरशी आणि रंग निवडण्यापूर्वी, काँक्रीट पडण्याच्या आदल्या दिवशी, अभियंत्याला सोबत घेऊन खांबांतील रिंगा नकाशाप्रमाणे आहेत की नाहीत हे पाहावे. ज्यांच्या इमारतीचा तळमजला मोकळा आहे, त्यांनी तो काँक्रीटच्या भिंती घालून किंवा खांबांना नवे वेष्टन देऊन बळकट करता येईल काय, याचा तज्ज्ञाकडून सल्ला घ्यावा. भूकंप पूर्वसूचना देत नाही. सिद्धता आधीच करावी लागते.