सुटलेले पत्र

पूर्वी पत्र धाडावयाचे म्हणजे मोठा खटाटोप असे. कागद, दौत, पाकीट, तिकीट आणि शेवटी टपालपेटीपर्यंतची वाट! रागाच्या भरात लिहिलेली कित्येक पत्रे त्या वाटेवरच फाडली जात. ई-मेलने ही वाटच पुसून टाकली. कळ दाबली की मजकूर गेला. तो समोरच्या माणसाचे टपाल सांभाळणाऱ्या संगणकात जाऊन पडला, म्हणजे धाडणाऱ्याची सत्ता संपली; कारण तो संगणक बहुधा दुसऱ्याच संस्थेचा असतो.

मग चुकीचे पत्र थांबवावे कसे? गूगल कंपनीच्या 'जीमेल'मध्ये 2008 साली एक मौजेची युक्ती योजण्यात आली. आठवड्याच्या सुटीत रात्री उशिरा कोणी पत्र धाडू लागला, की संगणक त्यास आधी अंकगणिताची सोपी उदाहरणे घाली. ती वेळेत सुटली, तरच पत्र सुटे! ही सोय पुढे बंद झाली.

मार्च 2009 मध्ये आलेली दुसरी युक्ती मात्र टिकली. तिचे नाव 'अनडू सेंड', म्हणजे धाडलेले मागे घेणे. हे नाव थोडे फसवे आहे. गेलेले पत्र परत येत नाहीच. ते मुळी गेलेलेच नसते. कळ दाबल्यावर संगणक ते पाच सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतो. एवढासा अवकाश कशास पुरणार, असे वाटेल. परंतु नाव चुकले, हे पुष्कळदा कळ दाबताक्षणीच ध्यानात येते. 2015 साली ही सोय जीमेलमध्ये कायमची दाखल झाली. आता हा अवकाश तीस सेकंदांपर्यंत वाढविता येतो.

त्यापेक्षा दर वेळी 'खरोखर धाडू का?' असे विचारले तर? दोन दिवस माणूस तो प्रश्न वाचील; तिसऱ्या दिवशी बोट आपोआप 'होय'कडे वळेल. म्हणून जाणते रचनाकार यंत्रास नेहमी बोलू देत नाहीत. मजकुरात 'सोबत जोडले आहे' अशा अर्थाचे शब्द आहेत आणि जोडलेले मात्र काहीच नाही, अशा वेळीच ते हटकते.

रागाच्या पत्रापुढे हा पहारा लंगडा पडतो. त्यात नावही बरोबर असते आणि जोडही. म्हणून काही सावध माणसे मजकूर पुरता होईपर्यंत पत्त्याची जागा रिकामीच ठेवतात. पत्ताच नसलेले पत्र, कळ चुकून दाबली गेली तरी, जागचे हलत नाही.